मामाची केबल आणि सोमवार, दुपारी तीन

२०२५ ची दिवाळी. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, स्लीपरमध्ये वरचा बर्थ, मोबाइल चार्जिंगचा पॉइंट बंद. जालना मागे पडलं, देऊळगाव राजा आलं आणि मी उठून केस बांधले. म्हणजे आजोळ जवळ आलं! आमचं आजोळ बुलढाणा जिल्ह्यातलं, घाटावरचं. गावाचं नाव सांगत नाही. का नाही, ते पुढे कळेलच.

आजीने नेहमीप्रमाणे सगळी साफसफाई माझी वाट बघत ठेवली होती. ("पुण्यात काही हातपाय हालत नसतील तुझे.") माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तर आत आजोबांचे जुने कागद. सातबारे, पोस्टाची पासबुकं, आईच्या दहावीची गुणपत्रिका आणि एक छोटंसं पुस्तक. प्रत्येक पानावर तिकिटासारखं काहीतरी चिकटवलेलं, वरून पोस्टाचा शिक्का.

"हे काय हो आजोबा?"

"रेडिओचं लायसन्स."

मी हसले. आजोबा हसले नाहीत. प्राथमिक शाळेत मास्तर होते ना, ते असल्या गोष्टींवर हसत नाहीत.

तर मंडळी, आपल्यापैकी जे ऑफिसच्या बसमध्ये कानात बड्स घालून गाणी ऐकतात त्यांच्यासाठी थोडा फ्लॅशबॅक. एके काळी आपल्या देशात रेडिओ ऐकायला लायसन्स लागायचं. पोस्टात जायचं, वर्षाचे पंधरा रुपये भरायचे, पुस्तकावर शिक्का घ्यायचा. टीव्ही आला तेव्हा त्याचे पन्नास. आणि तपासायला पोस्टाचा इन्स्पेक्टर यायचा. लायसन्स नसेल तर दंड, वेळ पडली तर रेडिओच जप्त. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ही भानगड बंद झाली. आमच्याकडे घरोघरी टीव्ही पोचायच्या आधीच टीव्हीचं लायसन्स संपलं होतं म्हणा ना!

"इन्स्पेक्टर आला की अर्धी आळी रेडिओ गोधडीखाली घालायची," आजी म्हणाली. "आपला मात्र खिडकीतच. तुझ्या आजोबांना तेवढीच मिजास."

"पंधरा रुपयांसाठी दारात सरकारी माणूस कशाला?" आजोबा म्हणाले.

मी मासकॉम केलेली बाई. मला लगेच प्रश्न पडतात. मी विचारलं, गावात किती जणांना दंड झाला? कुणाचे रेडिओ जप्त झाले? जप्त झालेल्या रेडिओंचं पुढे काय झालं?

आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात हात वर न करताच बोलले होते. "ते आम्ही कसं विचारणार? इन्स्पेक्टरनं आम्हाला विचारायचं असतं."

या वाक्याने माझी दिवाळी बदलली.

आता मामाची एन्ट्री. आमचा मामा केबलवाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याने छतावर डिश टाकली, खांबाखांबांवरून, लिंबाच्या झाडांवरून काळी वायर ओढली आणि गावाला क्रिकेट आणि सासू-सुना पुरवल्या. सुट्टीत आम्ही भाचरं वसुलीला त्याच्या मागे फिरायचो. प्रत्येक घरी लाडू किंवा चिवडा. माझ्यासाठी तो गावातला सगळ्यात ग्लॅमरस माणूस होता!

रेडिओ-टीव्हीचं लायसन्स गेलं, पण टीव्हीमागे पैसे घ्यायची सरकारची हौस काही गेली नव्हती. महाराष्ट्रात करमणूक शुल्काचा कायदा होता, १९२३ चा, म्हणजे मूकपटांच्या जमान्यातला. पुढे केबल त्यात आली. प्रत्येक जोडणीमागे दर महिन्याला ठराविक रक्कम. शेवटच्या वर्षांत महापालिका हद्दीत ४५ रुपये, अ आणि ब वर्गाच्या नगरपालिकांत ३०, बाकी ठिकाणी १५. ही रक्कम गिऱ्हाइकाच्या बिलात असायची, केबलवाल्याने ती गोळा करून सरकारजमा करायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हे शुल्क संपलं.

गंमत अशी की, सेट टॉप बॉक्स सक्तीचे होईपर्यंत एका केबलवाल्याच्या किती जोडण्या आहेत हे फक्त दोघांना माहीत. एक तो स्वतः, दुसरा देव. कागदावर तो सांगेल तो आकडा. कमी सांगितला की शुल्क कमी. हे काही आमच्याच गावचं गुपित नाही. केबलवाल्यांकडून करमणूक शुल्क नीट वसूल झालं नाही, असे मुद्दे कॅगच्या महाराष्ट्रावरच्या अहवालांत वेळोवेळी आलेले आहेत.

मग तपासायला कोण जायचं? किती वेळा? कुणाला नोटिसा गेल्या? दंड किती, वसूल किती? आजोबांच्या इन्स्पेक्टरबद्दलचे माझे प्रश्न तसेच्या तसे मामाच्या काळाला लागू होते. फरक एवढाच की, आता ते विचारायची सोय आहे.

सोय कसली, तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा २००२ मध्ये केला. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. अर्जाला दहा रुपये. उत्तर तीस दिवसांत. माहिती का हवी, हे सांगायची गरज नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. (आपल्या एचआरला सुट्टीचं कारण सांगावं लागतं, सरकारला माहितीचं नाही. आहे की नाही सही?)

यातही एक शॉर्टकट आहे, जो मला स्वतःलाच उशिरा कळला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने ठरवलं की, जिल्हा पातळीवरच्या सरकारी कार्यालयांत आणि महापालिका-नगरपालिकांसारख्या संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना कागदपत्रं बघू द्यायची. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीपासून होती, मग ती सगळीकडे नेली.

भाऊबीज झाली. सोमवार आला. मी मामाची स्कूटी घेतली आणि जिल्ह्यातल्या एका कार्यालयात बरोबर तीन वाजता हजर. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, कारण पुढचं प्रकरण अजून चालू आहे.

"सोमवारचं असं काही नसते मॅडम," टेबलामागचे काका म्हणाले.

मी सरकारी आदेशाचं प्रिंटआउट काढलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग मला विचारलं, "तुम्हाला कायले पायजे?"

"कारण सांगावं लागत नाही काका."

"तसं नाही, सहज विचारलं."

साडेतीन वाजता एक शिपाई तीन रजिस्टरं घेऊन आला. इतकी धूळ की, मी ओढणी नाकाला बांधली. काका म्हणाले, "बघा निवांत." आणि खरंच, त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. त्यांच्यावर माझा बिलकुल राग नाही. त्यांना इतक्या वर्षांत कुणी हे विचारलंच नव्हतं!

रजिस्टरमध्ये रकाने सुंदर आखलेले. केबलचालकाचं नाव. जाहीर केलेल्या जोडण्या. तपासणीची तारीख. आढळलेल्या जोडण्या. केलेली कारवाई. पहिले दोन रकाने भरलेले. पुढचे बरेचसे कोरे. पानामागून पान कोरं. मी भराभर उलटत गेले आणि एका पानावर थांबले.

मामाचं नाव होतं. त्यापुढे जोडण्यांचा आकडा. आम्ही भाचरं ज्या गल्लीतून लाडू खात फिरायचो ना, त्या एका गल्लीइतकाही तो आकडा नव्हता.

मी रजिस्टर मिटलं.

रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर मामाला सांगितलं. वाटलं होतं चिडेल. तो गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, तू पत्रकार आहेस, मान्य. पन माह्या पोटावर कायले पाय देतं?"

"मी काही छापलं नाहीये अजून."

"अर्ज टाकला की माह्यं नाव निघन त्याच्यात. मंग ते माहिती अधिकारवाले येतील. एक आला होता मागं. कागद दाखवला, म्हणे वीस हजार दे, नाहीतर तक्रार करतो."

हेही खरंच आहे. दहा रुपयांच्या अर्जाचा धंदा करणारेही आहेत, आणि दहा रुपयांच्या अर्जापायी जीव गमावलेलेही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांनी जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढले आणि १३ जानेवारी २०१० ला त्यांचा खून झाला. आईला कळलं मी काय करतेय, तेव्हा फोनवर तिने पहिलं नाव त्यांचंच घेतलं.

मी मामाला विचारलं, "पण मामा, ते कारवाईचे रकाने कोरे का?"

तो खूप वेळ काही बोलला नाही. आतून आजोबांच्या रेडिओचा आवाज येत होता. मग हळूच म्हणाला, "कोरे उगाच नाही राह्यले. तपासायले यायचे ना. दर दिवाळीले यायचे. मी देल्ले पैसे. पावती नाही भेटली कधी."

"किती?"

"भरले असते सरळ, तर तेवढेच झाले असते."

कोऱ्या रकान्याचा अर्थ मला तेव्हा कळला. तपासणी झालीच नाही असं नव्हतं. तपासणी होत होती, फक्त कागदावर येत नव्हती. सरकारला शुल्क मिळालं नाही, गिऱ्हाइकाने बिलात भरलेले पैसे भलतीकडे गेले आणि मामा दर दिवाळीला घाबरला. चोर म्हणून घाबरला, आणि चोरी करूनही त्याच्या हातात फार काही उरलं नाही.

माझी आतेबहीण इंग्लंडमध्ये असते. तिला हे व्हॉट्सॅपवर सांगितलं तर ती म्हणाली, अगं, इथे अजून आजोबांचाच जमाना आहे! तिथे टीव्ही लायसन्स चालूच आहे. २०२५ मध्ये वर्षाला १७४.५० पौंड. लाइव्ह टीव्ही बघायचा असेल किंवा बीबीसीचं आयप्लेअर वापरायचं असेल तर ते लागतं. ही फक्त नेटफ्लिक्स बघते, तरी नव्या फ्लॅटमध्ये आल्या आल्या पत्र आलं. लायसन्सशिवाय बघणं तिथे फौजदारी गुन्हा आहे, दंड हजार पौंडांपर्यंत. लायसन्स नसलेले टीव्ही शोधणाऱ्या व्हॅन फिरतात, अशी तिथल्या लोकांच्या मनात वर्षानुवर्षं भीती. त्या व्हॅन किती, कशा चालतात, असं तिथल्या माहिती कायद्याखाली लोकांनी विचारलं, तर बीबीसीने सांगायला नकार दिला. सांगितलं तर चुकवेगिरी करणाऱ्यांना फायदा होईल, असं कारण.

पण एक गोष्ट तिथे उघड असते. खटल्यांची आकडेवारी. कुठल्या गुन्ह्यासाठी किती पुरुष, किती स्त्रिया, हे सरकार छापतं. त्यातून दिसलं की, टीव्ही लायसन्सच्या खटल्यांत दर दहा जणांत सातहून जास्त स्त्रिया आहेत. बायका जास्त चोऱ्या करतात म्हणून? की दारावर माणूस येतो तेव्हा घरात त्याच असतात आणि दार उघडतात म्हणून? या आकड्यांवरून इतका गदारोळ झाला की, बीबीसीला स्वतःच्या पद्धतीची दोनदा तपासणी करावी लागली. २०२३ मध्ये त्याचा अहवालही आला.

म्हणजे बघा, एकेकाचं नाव कळायची गरजच पडली नाही. नुसती मोजदाद उघड झाली आणि जाळं कुणावर पडतंय ते दिसलं.

मामाच्या ओट्यावर बसून मी आधी लिहिलेला अर्ज फाडला. त्यात मी केबलचालकांची नावं, पत्ते सगळं मागितलं होतं. (मासकॉमचं रक्त!) तसंही नावं मिळणं आता अवघडच. नोव्हेंबर २०२५ मध्ये माहिती अधिकार कायद्यातलं एक कलम बदललं. आधी एखाद्याची खासगी माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित असेल किंवा जनहितासाठी गरजेची असेल, तर ती द्यावी, असं त्या कलमातच लिहिलेलं होतं. आता तिथे 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द उरलेत. जनहिताचं वेगळं कलम शिल्लक आहे, पण ते पटवून द्यायचं काम आपलं. मामाला यात दिलासा वाटेल. मला नाही वाटत. कारण याच दोन शब्दांआड पैसे घेऊन गेलेल्या माणसाचं नावसुद्धा लपवता येईल.

मी पुण्याला परत आले आणि नवा अर्ज लिहिला. अमुक वर्ष ते अमुक वर्ष. किती तपासण्या झाल्या? प्रत्येकीची तारीख? तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्याचं पदनाम? किती नोटिसा? किती रक्कम वसूल आणि तिच्या पावत्यांचे क्रमांक? रजिस्टरमधले रकाने कोरे ठेवायचा काही आदेश असेल तर त्याची प्रत?

पाठवायच्या आधी मामाला फोनवर वाचून दाखवला.

"पदनाम म्हंजे?"

"कोणत्या खुर्चीवरचा माणूस, ते."

"हां, ते विचार," मामा म्हणाला. "आन् पावत्यायचं पह्यले टाक."

तर आता तुमच्यासाठी कामाचा फंडा. केबलवाल्यांची नोंदणी पूर्वी मुख्य पोस्टात व्हायची, दर वर्षी, पाचशे रुपयांत. जानेवारी २०२५ पासून ती केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्याकडे ऑनलाइन गेली, पाच वर्षांसाठी, पाच हजार रुपयांत. केबल कायद्यातली तुरुंगाची शिक्षा २०२३ मध्ये काढली, आता ताकीद आणि दंड. म्हणजे तुमच्या सोसायटीच्या केबलवाल्यावर कुणी कारवाई केली का, हे विचारायचं तर अर्ज कुठे करायचा ते आधी ठरवा. केंद्राचं खातं असेल तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन. राज्याचं असेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चालतो, पण अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवायचा. प्रत हवी तर पानाला दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर गोलमाल, तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, मग माहिती आयोग. आमच्या बुलढाण्याला अमरावतीचं खंडपीठ लागतं. माहिती देणाऱ्याने विनाकारण उशीर केला तर त्याला दिवसाला अडीचशे रुपये दंड होऊ शकतो, पंचवीस हजारांपर्यंत. आणि कुणाला परवाने दिले, ही यादी तर कार्यालयांनी कुणी न मागताच जाहीर करायची असते. ती सापडली नाही, तर पहिला प्रश्न तोच टाका.

हे सगळं आपण का करत नाही, मी विचार करत होते. आपण ॲपवर पिझ्झा वीस मिनिटं उशिरा आला तर एक स्टार देतो. ओटीटीने नव्व्याण्णव रुपये जास्त कापले तर कस्टमर केअरला रडवतो. आणि सरकारी कागद म्हटलं की आपण लगेच आजोबा होतो. त्यांनी आपल्याला विचारायचं असतं!

आजोबांना मी मामाचा आकडा सांगितला नाही. पण त्यांना कळलं असावं. निघायच्या दिवशी ते रेडिओचं लायसन्स त्यांनी मला दिलं. म्हणाले, "ठेव तुझ्याकडे. माझ्या सगळ्या पावत्या आहेत यात." मामा तिथेच उभा होता, माझी बॅग स्कूटीवर बांधत. तो दोरीची गाठ जरा जास्तच वेळ मारत बसला.

अर्ज टाकून आज एकोणीस दिवस झाले. रोज सकाळी मामाचा मेसेज येतो. पूर्वी 'सुप्रभात' आणि गुलाबाचं फूल असायचं. आता एकच शब्द असतो. "आलं?"